घरची बिअर : किट निवडताना आधी मोजमाप बघा

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मुलाकडे तीन-चार महिने राहून आलेल्या आई-वडिलांच्या बोलण्यात अलीकडे एक नवी वस्तू येते. गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेली पांढरी प्लास्टिकची बादली, तिच्या घट्ट झाकणावर बसवलेली छोटी नळी आणि त्या नळीतल्या पाण्यातून थोड्या थोड्या वेळाने येणारा बुडबुडा. ‘घरी बिअर करतोय,’ असे मुलगा किंवा जावई हौसेने सांगतो. वाढदिवसाला मित्रांनी दिलेले ‘स्टार्टर किट’ असते. इथे परतल्यावर हेच पालक डॉक्टरांना विचारतात, ‘त्यात काही विषारी तर तयार होत नाही ना? डोळे जातात म्हणे.’ आणि इथलाच एखादा तरुण विचारतो, ‘ऑनलाइन किट मिळते. कोणते घेऊ? घरची म्हणजे बिनकेमिकलची, शुद्ध.’

पालकांची भीती चुकीच्या जागी आहे आणि तरुणाचा विश्वासही. घरी नीट केलेल्या बिअरने डोळे जात नाहीत. पण ती घरी केली म्हणून निरुपद्रवीही ठरत नाही. तिचा खरा धोका अगदी साधा आहे : आपण काय पितो, किती कडक पितो, हे पिणाऱ्याला ठाऊक नसते. दुकानातल्या बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते. घरच्या बादलीवर ती छापायला कोणी येत नाही. म्हणून नवशिक्यासाठी किट निवडण्याचा माझा निकष चव, किंमत किंवा चकचकीत स्टील हा नाही. ज्या किटमध्ये मोजायची साधने नाहीत, ते किट घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

डॉक्टरने बिअर करण्याच्या किटवर लिहावे का, असे काहींना वाटेल. मद्याविषयी एकच वाक्य बोलावे, ‘पिऊ नका’, आणि थांबावे, अशी अपेक्षा असते. ते वाक्य मी रोज बोलतो आणि खालीही पुन्हा बोलणार आहे. पण जो पिणारच आहे, त्याला धोका कमी कसा करायचा हे न सांगणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे आहे.

आधी कायदा

अमेरिकेत घरी बिअर करण्याची केंद्रीय पातळीवरची मुभा १९७८च्या कायद्याने मिळाली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटरपर्यंत बिअर कराशिवाय करता येते. विकता येत नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळे राहिले. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती २०१३ मध्ये. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला. ही सवलत बिअर-वाइनसारख्या आंबवलेल्या पेयांपुरतीच आहे. दारू गाळण्याला, म्हणजे भट्टी लावण्याला, ती लागू नाही.

आपल्याकडचे चित्र याच्या उलट आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. बिअर त्यातून सुटत नाही. पुण्या-मुंबईत ताजी बिअर करून देणारी ठिकाणे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात. गोव्यात मद्य स्वस्त आहे म्हणून तिथे घरात बिअर करायला मोकळीक आहे असेही नाही. तिथेही मद्यनिर्मितीला अबकारी परवाना लागतोच. संकेतस्थळावर वस्तू मिळते आणि घरपोच येते, याचा अर्थ ती घरात वापरायला कायद्याची परवानगी आहे असा होत नाही. तेव्हा इथल्या तरुणाला माझे उत्तर सरळ आहे : कोणतेच किट घेऊ नकोस. पुढचे लिखाण आहे ते जिथे हे कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, त्यांच्याकडे जाणाऱ्या पालकांसाठी आणि अशा घरी हातात ग्लास दिला जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी.

नाचणीचे सत्त्व आणि बिअर

बिअर कशी होते हे समजायला मराठी घराला फार वेळ लागू नये. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते, ते पिष्टाचे साखरेत रूपांतर करते. जवाला, म्हणजे सातूला, असेच मोड आणून तो वाळवला, भाजला की त्याला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याची साखर पाण्यात उतरवतात. नवशिक्याच्या किटमध्ये ही पायरी बहुधा आधीच झालेली असते. माल्टचा काकवीसारखा दाट अर्क किंवा त्याची भुकटी मिळते. ती पाण्यात मिसळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळले की एक गोड-कडू काढा तयार होतो. (डब्यातल्या काही अर्कांत हॉप्स आधीच घातलेले असतात, मग फार उकळावे लागत नाही.) तो गार झाला की त्यात यीस्टचे विरजण लावायचे. यीस्ट साखर खाते आणि त्यातून दोन गोष्टी बाहेर टाकते : अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. झाकणातून येणारा बुडबुडा तो हाच. साधारण दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या, त्यात फेसासाठी थोडी साखर घालायची आणि आणखी दोन आठवडे ठेवायचे.

दही लावणे आणि हे यात मोठा फरक आहे. दही जास्त आंबले तर जिभेला लगेच कळते. बिअर पाच टक्क्यांची झाली की आठ टक्क्यांची, हे जीभ खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी उपकरण लागते.

काचेची एक नळी

ते उपकरण म्हणजे हायड्रोमीटर. तळाशी वजन असलेली, अंकांच्या खुणा केलेली काचेची बंद नळी. डेअरीतले लॅक्टोमीटर ज्याने पाहिले आहे त्याला ते ओळखीचे वाटेल. आमच्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत लघवीची घनता मोजायला युरिनोमीटर वापरत आले आहेत, तेही याच कुळातले. द्रव जितका दाट, तितकी नळी वर तरंगते. साखर घातलेला काढा पाण्यापेक्षा दाट असतो. साखरेचे अल्कोहोल होत जाते तसा तो पातळ होतो आणि नळी खाली जाते.

हिशेब चौथी-पाचवीच्या गणिताचा आहे. यीस्ट घालण्याआधी घनता १.०५० होती आणि आंबणे संपल्यावर १.०१० राहिली, तर फरक ०.०४०. त्याला १३१ने गुणा. उत्तर येते सव्वापाचच्या आसपास, म्हणजे सव्वापाच टक्के अल्कोहोल. पहिले वाचन घ्यायचे राहिले तर हा हिशेब नंतर करता येत नाही. त्यामुळे हायड्रोमीटर ‘पुढे कधीतरी घेऊ’ असे म्हणून चालत नाही. तो पहिल्याच दिवशी लागतो. अनेक स्वस्त किटांत नेमका तोच गाळलेला असतो आणि ‘हौशी लोकांसाठी अतिरिक्त साहित्य’ म्हणून वेगळा विकला जातो. गाडी विकताना स्पीडोमीटर वेगळा विकावा, तसा हा प्रकार आहे.

आकड्याचे एवढे काय, असे वाटत असेल तर आपल्याकडची नेहमीची ६५० मिलिलिटरची मोठी बाटली घ्या. ती पाच टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे २६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांची असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे त्याच आकाराची, त्याच रंगाची बाटली एकदा अडीच पेगची असते आणि एकदा चार पेगची. आणि पाचाचे आठ होणे अवघड नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या डब्यातल्या माल्टअर्काबरोबर साधारण एक किलो साखर घालायला सांगतात. २३ लिटरच्या घाण्यात कोणी ‘जरा जास्त’ म्हणून आणखी एक किलो ओतली, तर अल्कोहोल दोन टक्क्यांहून जास्त वाढते. चवीत गोडवा राहत नाही, कारण ती साखर यीस्टने खाल्लेली असते.

हा ग्लास पिऊन कोणी गाडी चालवणार असेल तर प्रश्न जिवाचा होतो. भारतात वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तेवढीच. ‘दोनच ग्लास घेतले’ या मोजणीला काही अर्थ उरायचा असेल, तर ग्लासात काय होते ते माहीत असले पाहिजे. नाहीतर पाहुणा सर्व काळजी घेऊनही फसतो.

मोजमापाचा हा आग्रह बिअरच्या जगाला परका नाही. शाळेत शिकतो ती आम्ल-अल्कली मोजण्याची पीएच श्रेणी सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती बिअर कंपनीने उभी केलेली प्रयोगशाळा. औषधांच्या चाचण्यांत आम्ही वापरतो ती ‘स्टुडंट टी टेस्ट’ विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. ते डब्लिनच्या गिनेस कारखान्यात नोकरीला होते. चांगली बिअर करणाऱ्यांना अंदाजावर विसंबून चालत नाही हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. घरी करणाऱ्यानेही तेवढे शिकावे.

लहान घाणा, प्लास्टिकची बादली

दुसरा निकष आकाराचा. अमेरिकेतले नेहमीचे किट पाच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे असते. ब्रिटनमधले २३ लिटरचे. एक गॅलनचे, पावणेचार लिटरचे किटही मिळते. विक्रेता सांगतो की मेहनत तेवढीच, मग मोठेच घ्या. डॉक्टर म्हणून मी सांगेन, लहान घ्या. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या २०१६च्या सल्ल्यानुसार आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त मद्य नियमितपणे घेऊ नये. एक युनिट म्हणजे आठ ग्रॅम अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या २३ लिटरमध्ये ११५ युनिट असतात. एकट्या माणसाने ती वरची मर्यादा गाठत प्यायचे म्हटले तरी हा एक घाणा संपायला आठ आठवडे लागायला हवेत. प्रत्यक्षात तो त्याआधीच संपतो आणि दुसरा लावलेला असतो. घरात पन्नास-साठ बाटल्या मांडून ठेवायच्या आणि मग स्वतःवर ताबा ठेवायचा, यापेक्षा दहा बाटल्या केलेल्या बऱ्या. दिवाळीचा फराळ डोळ्यांसमोर असला की आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा निकष भांड्याचा. काही किटांत काचेचा मोठा बुधला असतो. दिसायला सुंदर, आत चाललेला खेळही दिसतो. पण १९ लिटर द्रवाने भरलेला, ओल्या हातांनी उचललेला बुधला वीस किलोंहून जड असतो. तो निसटून फुटला तर हाताच्या शिरा, नसा आणि स्नायूंचे दोर कापले जातात. अशा हातावर शस्त्रक्रिया झाली तरी बोटे पूर्वीसारखी वळतील याची हमी नसते. नवशिक्याने खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकची झाकणाची बादलीच घ्यावी. रंगाच्या किंवा रसायनाच्या रिकाम्या बादल्या कितीही धुतल्या तरी नकोत. काढा आणि बिअर दोन्ही आंबट असतात, म्हणून जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा कल्हई नसलेले पितळेचे पातेलेही नको. चिंचेचे सार कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवत नाहीत, त्याचे कारण हेच. उकळायला स्टेनलेस स्टीलचे पातेले घ्यावे आणि ते पाऊणच भरावे. माल्टचा काढा दुधासारखा क्षणात उतू जातो. तो साखरेच्या पाकासारखा चिकट असतो, त्यामुळे त्याची भाजणी साध्या गरम पाण्यापेक्षा खोल जाते. त्या वेळी लहान मुले स्वयंपाकघरात नसावीत.

बाटली फुटते तेव्हा

घरच्या बिअरने होणाऱ्या इजांत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बाटलीची. बाटलीत घातलेल्या साखरेतून तयार होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही आणि बिअरमध्ये विरघळतो. एरवीसुद्धा आतला दाब मोटारीच्या टायरमध्ये असतो साधारण तेवढा होतो. आंबणे पुरते संपण्याआधीच बाटल्या भरल्या किंवा साखर अंदाजपंचे घातली, तर दाब काचेला पेलत नाही आणि बाटली फुटते. काचेचा तुकडा डोळ्यात घुसला तर दृष्टी जाऊ शकते. ‘डोळे जातात म्हणे’ ही पालकांची भीती खरी ठरण्याची वाट ही आहे, मात्र विषाची नव्हे.

इथेही उपाय मोजण्याचाच आहे. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे समजू नये. थंडीने यीस्ट मंदावले किंवा झाकण नीट बसले नसेल, तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस तोच राहिला, की आंबणे संपले. फेसासाठी साखर लिटरमागे साधारण सहा ग्रॅम, तीही वजनकाट्यावर मोजून घ्यावी. ‘चमचाभर’ म्हणून नाही. म्हणून किटबरोबर ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा नसेल तर तो वेगळा घ्यावा. सुरुवातीला काचेऐवजी सोडा-पेयाच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. त्या दाबल्या की आतला दाब बोटाला कळतो, त्या फुगतात, आणि फुटल्या तरी काच उडत नाही. काचच वापरायची असेल तर बिअरसाठीच्याच जाड बाटल्या घ्याव्यात, फिरकीच्या झाकणाच्या पातळ बाटल्यांवर घरचे बूच दाबून बसवू नये. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात.

आंबत असलेल्या बादलीबद्दलही एक सूचना. १९ लिटरच्या घाण्यातून काही दिवसांत शेकडो लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवा खेळती असलेल्या खोलीत त्याने काही होत नाही. पण खिडकी नसलेल्या अगदी लहान कोठीत बादल्या ठेवून दार लावून घेऊ नये आणि कोणी झोपते त्या बंद खोलीतही त्या ठेवू नयेत.

स्वच्छता म्हणजे नुसते धुणे नव्हे

लुई पाश्चर यांनी बिअर का नासते याचा अभ्यास करून १८७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नको ते जंतू शिरले की नासते, हे त्यांनी दाखवले. रुग्णालयात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मानतो : आधी घाण काढणे आणि मग जंतू मारणे. किटमध्ये दोन्हींसाठी वेगळे साहित्य आहे का ते पाहावे. जंतू मारायला बहुतेक ठिकाणी फॉस्फरिक आम्लावर आधारलेले किंवा आयोडीनचे द्रावण देतात. जखम साफ करायला आम्ही वापरतो त्या आयोडीनच्या कुळातलेच ते. पुस्तिकेत दिले आहे तेवढेच पाणी घालून आणि सांगितला आहे तेवढा वेळ ठेवावे. जास्त कडक केले म्हणून जास्त चांगले होत नाही. घरातले फिनाइल, डेटॉल यांना इथे जागा नाही. आणि कपड्यांचे ब्लीच आम्लाच्या द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना जाळतो.

तयार बिअर आंबट असते, तिच्यात अल्कोहोल आणि हॉप्स असतात, त्यामुळे आजार पसरवणारे नेहमीचे जंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत. ती नासली तर बहुधा चव आणि वास बिघडतो. न आंबवलेल्या काढ्याला मात्र हे संरक्षण नाही. तो गार झाला की लगेच यीस्ट घालावे. ‘वेळ मिळेल तेव्हा घालू’ म्हणून बंद डब्यात दिवसेंदिवस ठेवू नये. बादलीला चिकटवायची तापमानाची पट्टी किटमध्ये असावी. नवशिक्यांना मिळणारे बहुतेक यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते.

मिथेनॉलची भीती आणि शुद्धतेचा भ्रम

आता विषाबद्दल. मुंबईत मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. अशा दुर्घटनांमागे असते ते मिथेनॉल. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याची नस जाळते. पण हे मिथेनॉल बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचे असते आणि कोणीतरी ते दारूत मिसळलेले असते. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असते. मात्र ‘बिअर जमली, आता गाळून बघू’ हा पुढचा विचार मनात आणू नये. तिथे कायदाही मोडतो आणि आगीचा व विषाचा धोकाही सुरू होतो. जोडीला गाळणीचे भांडे असलेले कोणतेही किट लांब ठेवावे. कसलीही दारू प्यायल्यावर, अगदी दुसऱ्या दिवशीही, नजर धूसर झाली, पोटात दुखू लागले, धाप लागली, तर घरी थांबू नये. रुग्णालयात यावर उतारा आहे, पण वेळ हातात कमी असतो.

दुसऱ्या टोकाला आहे तो शुद्धतेचा भ्रम. घरची बिअर बिनकेमिकलची, यीस्टमुळे बी जीवनसत्त्व देणारी, म्हणून आरोग्याला बरी, असे सांगितले जाते. बिअरमधले सर्वांत घातक रसायन आहे अल्कोहोल, आणि ते घरच्या बादलीत तयार होते तेच कारखान्यातही होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो, हे तंबाखू खाणाऱ्या आपल्या राज्याने विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. बी जीवनसत्त्वासाठी मोड आलेली मटकी पुरे.

काहींनी तर हा ग्लास घेऊच नये. गरोदर स्त्रिया, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, फिट येणारे, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडॅझोल चालू असलेले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर मद्याने धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. जवात ग्लूटेन असते, त्यामुळे सीलिअॅकच्या रुग्णांना ती चालत नाही. गाळ न काढलेल्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट असते, म्हणून प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळावी. आणि ज्या घरात कोणी दारूच्या व्यसनातून बाहेर पडण्याची धडपड करत आहे, त्या घरात बुडबुडणारी बादली आणणे म्हणजे त्या माणसाची परीक्षा पाहणे आहे. तिथे किट कितीही चांगले असले तरी ते दुकानातच राहू द्यावे.

किट उघडून काय बघाल?

तेव्हा जिथे कायद्याची मुभा आहे तिथे किट घेताना यादी अशी असावी. हायड्रोमीटर आणि त्याची उंच नळी. तापमानाची पट्टी. खाद्यपदार्थांसाठीची झाकणाची बादली, एअरलॉक आणि तळाला तोटी. तोंडाने ओढावे न लागणारा सायफन. धुण्याचे व जंतू मारण्याचे वेगळे साहित्य. जाड प्लास्टिकच्या बाटल्या. साखरेचे प्रमाण ग्रॅममध्ये सांगणारी पुस्तिका. घाणा लहान. त्यापुढे हॉप्स कोणते, माल्ट कोणत्या देशाचा, स्टीलचे पातेले किती चकचकीत, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. डॉक्टरचे त्यात काही म्हणणे नाही.

किट विकणाऱ्यांकडून मात्र माझी एक मागणी आहे. हायड्रोमीटर नसलेले किट ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकू नये आणि प्रत्येक किटबरोबर बाटलीवर चिकटवायच्या कोऱ्या पट्ट्या द्याव्यात, ज्यांवर तारीख आणि टक्केवारी लिहिता येईल. आपल्या देशात ही वस्तू विकणाऱ्यांनी, परवान्याशिवाय मद्य करणे गुन्हा आहे हे खोक्यावर ठळक छापावे. यात खर्च फारसा नाही.

आणि पाहुण्यांसाठी. मुलाने, जावयाने किंवा मित्राने कौतुकाने स्वतः केलेली बिअर पुढे केली, तर नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात त्याचा अपमान नाही. घ्यायचीच असेल तर घोट घेण्याआधी एक प्रश्न विचारा : ‘किती टक्के आहे?’ ज्याने मोजले आहे, तो आकडा सांगेल. ज्याने मोजलेले नाही, तो हसून म्हणेल, ‘हलकीच आहे.’ त्याचा ग्लास न पिता परत करावा.